चिलका पेनाची आंघोळ

भुजंगराव डॉक्टर काकिनाड्याहून आले, ते हातातली कापडी पिशवी पोटाशी धरूनच. प्रभाकर पायऱ्या उतरून पुढे झाला, "द्या, मी घेतो," म्हणाला, तर डॉक्टर दोन पावलं मागे सरले.

"कपड्यांची बॅग रिक्षात राहिलीय, ती घे. ही नको."

प्रभाकर बँकेत मॅनेजर होता, दिवसभर लोक त्याला नमस्कार करायचे. स्वतःच्या दारात हमाल झाल्यासारखं वाटून त्याचा चेहरा पडला. पण बॅग त्यानं आणली. काय करणार, उद्याचा निकाल या म्हाताऱ्या दंतवैद्याच्या हातात होता.

पिशवीत काय आहे ते घरात सगळ्यांना माहीत होतं. वीरभद्राचारींनी स्वतः कातलेलं, अगदी पहिल्या काळातलं, एकदाही शाई न भरलेलं चिलका पेन. काळंभोर एबोनाइट, म्हणजे कडक केलेलं रबर, अंगावर नखाएवढा कोरलेला पोपट. चिलका म्हणजे पोपटच. एके काळी राजमहेंद्रीत कोर्टाच्या पायरीवर पाय ठेवणाऱ्या प्रत्येक वकिलाच्या खिशात हा पोपट असायचा. आणि वीरभद्राचारींच्या स्वतःच्या घरात मात्र त्यांच्या हातचं एकही पेन उरलं नव्हतं. सोनाराचं घराणं. विकायला केलेली वस्तू घरात ठेवायची नाही, हा त्यांचा खाक्या.

पुढे बॉलपेनं आली. वीरभद्राचारींचे चिरंजीव भास्कराचारी काही वर्षं झुंजले, मग कारखान्याला कुलूप लावून मोकळे झाले. आता ते ऐंशीला टेकले होते. आणि त्यांची नात लालित्या, इंजिनियर झालेली पोर, ते कुलूप काढून मागच्या शेडमध्ये आजोबांच्याच लेथवर पेनं कातत होती. पेनं झाली. चांगली झाली. पण त्यांच्यावर पोपट नव्हता. नाव आजोबांचं, आणि आजोबा हो म्हणेनात की नाही म्हणेनात. तेवढ्यात मुंबईच्या एका कंपनीनं प्रभाकरला गाठलं. बंद पडलेली जुनी नावं विकत घेऊन पुन्हा बाजारात आणायची, हा त्यांचा धंदा. त्यांनी नमुन्याचं पेनही पाठवून दिलं.

लेक म्हणते नाव मला द्या, बाप म्हणतो विकून टाका. भास्कराचारींनी शेवटी तोडगा काढला. "नवरात्रात मूळ नक्षत्राच्या दिवशी सरस्वतीपुढे तिन्ही पेनं ठेवू. नान्नांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, कंपनीचं आणि लालित्याचं. भुजंगराव सांगतील तसं करू."

"ते कोण सांगणार?" प्रभाकर उसळला होता. "ते काय आपल्या घरातले आहेत?"

"मी पोपट सोडून दिला. त्यांनी गावोगाव फिरून गोळा केला. घरातलं आणखी कोण असतं रे?" भास्कराचारी म्हणाले होते.

संध्याकाळी ओसरीवर गरम पुनुगुलूंची, तांदूळ-उडदाच्या गोल भज्यांची, परात आली आणि बोलणं सुरू झालं. हैदराबादचे इनायतभाई दुपारीच येऊन बसले होते. हेही पेनवेडे, पण डॉक्टरांच्या अगदी उलट. डॉक्टर जुनं सोडून कशाला हात लावायचे नाहीत, इनायतभाई नवं-जुनं काही सोडायचे नाहीत.

"डॉक्टरसाहेब, मेलेलं नाव परत येतंय, मिठाई वाटा की!"

"तुम्ही वाटा. तुम्ही काय, शाईची रिकामी बाटली परत आली तरी घ्याल."

"घेतलीय ना! हिरवी मिळाली, निळी शोधतोय."

सगळे हसले. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी कंपनीची पेटी पुढे ओढून उघडली. आत मखमल, मखमलीवर पेन, पेनाच्या क्लिपवर सोनेरी पोपट. "पेटी एवढी मोठी, की आत तान्हं मूल झोपेल," ते म्हणाले. "आणि हा पोपट आहे का? कबुतर पण एवढं लठ्ठ नसतं. भास्कराचारी, मला एक सांगा. गेलेल्या माणसाचा शर्ट घालून कुणी तुमच्या दारात उभं राहिलं, तर तुम्ही त्याला पोटाशी धराल का?"

"शर्ट इस्त्रीचा असेल तर बघू," इनायतभाई म्हणाले. मग एकदम आवाज खाली आणून म्हणाले, "पण तुमचं अगदीच खोटं नाही. मी परत आलेल्या नावाचं पेन घरी नेतो ना, तर दोन दिवस जुन्याकडे बघवत नाही. सवत आणल्यासारखं वाटतं."

"मग आणता कशाला?"

"अहो, लिहायला! जुन्याची निबेखालची जीभ तुटली तर आणायची कुठून? नव्यामुळे निब मिळते, शाई मिळते, पोरंटोरं विचारायला येतात. तुमच्यासारखं कुलपात ठेवून काय करू?"

"कुलपात आहे म्हणून आहे," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या पत्नी होत्या तेव्हा म्हणायच्या, न लिहिणारी पेनं आणि न चावणारे दात, आमच्याकडे सगळी कपाटातच. डॉक्टरांना ते आठवलं.

भ्रमरांबा अत्तय्या दाराला टेकून ऐकत होत्या. त्या भास्कराचारींच्या धाकट्या बहीण. प्रभाकरच्या आत्या, म्हणून अत्तय्या. पुढे घरातलं लहानथोर सगळंच त्यांना अत्तय्या म्हणायला लागलं, लालित्यासुद्धा. यजमान गेल्यापासून त्या इथेच होत्या आणि देवघर, स्वयंपाकघर नि लोकांच्या चुका या तीन गोष्टी त्यांच्या ताब्यात होत्या.

"विमानतळावरच्या दुकानात ठेवणार म्हणे," त्या भावाला म्हणाल्या. "आमच्या नान्नांचा पोपट विमानतळावर! अन्नय्या, देऊन टाक रे कंपनीला. पोरीचे हात बघ जरा. लोहाराचे बरे. कोण करणार हिच्याशी लग्न?"

"लोहार करेल," लालित्या म्हणाली.

"बघा! तोंड बघा हिचं!"

प्रभाकरला बरं वाटलं. अत्तय्या आपल्या बाजूनं आहे म्हणजे अर्धं घर आपल्या बाजूनं आहे. त्याला लेकीचं वाईट चिंतायचं नव्हतं, उलट तिच्याच भल्यासाठी ही सगळी धडपड. वडिलांना त्यानं त्या शेडमध्ये हताश बसलेलं पाहिलं होतं. तेच लेकीच्या बाबतीत पुन्हा बघायची त्याची तयारी नव्हती. पण हे असं सरळ सांगणं त्याला जमायचं नाही, मग तो बाजारभाव सांगायचा.

आपलं पेन चांगलं आहे हे लालित्याला कळत होतं. बिननावाचं विकलंही जात होतं. पण लेथवर बसलं की हाताला सवयीनं तोच आकार यायचा, पणजोबांचा, आणि शेवटी जिथे पोपट कोरायचा तिथे बोट येऊन थांबायचं. तिथे काही नसायचं. उद्या नाव मुंबईला गेलं तर तिथे कधीच काही असणार नव्हतं.

निजायला जाण्याआधी डॉक्टरांनी पिशवी उघडली. फडक्यात फडकं, त्यात पेन. "आजची रात्र याला देवघरात ठेवा," ते भास्कराचारींना म्हणाले. "इथेच जन्मलंय, राहू दे माहेरी. फक्त कुणी हात लावू नका." भास्कराचारींनी दोन्ही हातांनी पेन घेतलं, देवीपुढच्या चांदीच्या ताटात ठेवलं आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले. हात लावू नका, हे मात्र बहिणीला सांगायचं राहून गेलं.

*

अत्तय्या पहाटे उठल्या, न्हाल्या, देवघरात आल्या. ताटात बघतात तर नान्नांचं पेन.

आता या घरची रीत अशी, की सरस्वतीच्या ताटात जे बसेल त्याला आधी न्हाऊ घालायचं. पोथ्यांवर नुसते चार थेंब शिंपडायचे, पण हत्यारांना पुरती आंघोळ. कानशी, पटाशा, कोरायच्या सुया, सगळं अत्तय्या दर वर्षी घासूनपुसून, न्हाऊ घालून, हळदकुंकू लावून मांडायच्या. पेन म्हणजे काही पोथी नव्हे. पेन म्हणजे हत्यार. आणि हे तर साक्षात नान्नांच्या हातचं. याला नुसतं पाणी कसं चालेल? त्यांनी दूध घेतलं, मध घेतला, आणि बंबातलं चांगलं कढत पाणी तांब्याच्या भांड्यात काढून त्यात हळद नि तुळस घातली.

पेन त्यांनी पहिल्यांदाच हातात घेतलं होतं. म्हणजे पेनं पुष्कळ हाताळली होती, पण नान्नांच्या हातचं, कोरं, असं कधीच नाही. लहानपणी शेडच्या उंबऱ्यापर्यंत जायची मुभा होती. त्यापुढे नाही. 'परकर अडकेल चाकात,' नान्ना म्हणायचे. अन्नय्याची लुंगी नाही अडकली कधी ती. उंबऱ्याशी उभं राहून त्या काळ्या कांडीच्या साली निघताना बघायच्या. जळक्या रबराचा वास यायचा, तो त्यांना फार आवडायचा.

मंत्र म्हणत त्यांनी पेन पाण्यात सोडलं. पाण्यातून तोच वास वर आला आणि अत्तय्यांचे डोळे भरून आले. त्यांनी पेन तसंच राहू दिलं. नैवेद्याचा भात उतरवून आल्या, फुलं निवडली, मग पेन काढून केळीच्या पानावर गच्चीत उन्हात वाळत ठेवलं. परत आणायला गेल्या तेव्हा पेन पिवळट तपकिरी दिसत होतं, चिंचेच्या बोटुकासारखं. हळद चढली, त्यांना वाटलं. नान्नांच्या पेनाला तेज आलं.

जिन्यात त्यांना प्रभाकर भेटला. "बघ रे, कसं उजळलं!"

प्रभाकरनं बघितलं आणि त्याच्या हातातला कॉफीचा पेला कलंडला.

*

"तू काहीतरी कर," तो लेकीला म्हणाला. शेडचं दार त्यानं आतून ओढून घेतलं होतं. "डॉक्टर आंघोळीला गेलेत. तुझ्याकडे ते फिरतं चाक आहे ना, पॉलिशचं? वरचा पातळ थर घासून काढ. खाली काळंच असेल."

"काळंच आहे," लालित्या म्हणाली. तिनं पेन उजेडात फिरवून बघितलं. या जुन्या रबरात गंधक असतो. वर्षानुवर्षं दिसायला काळं दिसतं, पण ऊन नि गरम पाणी लागलं की रंग असा वर येतो. पहिल्याच दिवशी तातय्यांनी, म्हणजे आजोबांनी, तिला हे सांगितलं होतं. अत्तय्यांना कोण सांगणार? "पाच मिनिटांचं काम आहे, नान्ना. पण पोपट जाईल. पिसांच्या रेघा केसाएवढ्या आहेत. पुसट होतील."

"होऊ देत पुसट! त्यांचे डोळे तरी कुठे राहिलेत आता? लल्ली, अगं, अत्तय्याला ते काय काय बोलतील! आणि तुझं? ते चिडले तर तुझं नाव गेलंच म्हणून समज."

लालित्यानं बापाकडे बघितलं. काल रात्रीपर्यंत नाव विकायला निघालेला माणूस. "नाव गेलं तर तुला बरंच आहे की."

"असं नको गं जायला," प्रभाकर म्हणाला.

त्या क्षणी लालित्याला बाप जेवढा आवडला, तेवढा बऱ्याच वर्षांत आवडला नव्हता. तिनं चाकाच्या बटणाकडे बघितलं. खरंच पाच मिनिटांचं काम होतं. डॉक्टरांना कळलंही नसतं कदाचित. अत्तय्या वाचल्या असत्या, तातय्यांची मान वर राहिली असती, आणि तिच्या पेनावर पोपट बसला असता. तिनं अंगठ्यानं कोरलेल्या रेघा चाचपल्या. मग पेन फडक्यात घेतलं आणि दार उघडून बाहेर पडली.

डॉक्टर धोतर नेसून, कपाळाला विभूती लावून, देवघरापुढे येऊन उभे होते. "माझं पेन कुठंय?"

"हे घ्या," लालित्या म्हणाली.

त्यांनी बघितलं. ओळखलंच नाही आधी. मग चष्मा लावून बघितलं. इनायतभाई मागून डोकावले आणि "या अल्ला" एवढंच म्हणाले. भास्कराचारींनी खुर्चीची पाठ धरली.

"गरम पाणी," डॉक्टर म्हणाले. "कुणी?"

"डॉक्टरगारू, चूक आमची आहे," प्रभाकर मध्ये आला. "जे काही भरून द्यायचं ते मी देतो. अत्तय्यांना बोलायचं नाही."

"काय भरून देणार तू? वीरभद्राचारींना बोलावून आणणार?"

"त्याला कशाला विचारता? मी केलं!" अत्तय्या हातातलं फुलांचं तबक घेऊन तशाच पुढे आल्या. त्यांना आता कुठे उमगत होतं. लालित्या जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिली, खांद्याला खांदा लावून. "मी न्हाऊ घातलं. मला काय माहीत, पाण्यानं बिघडतं ते? मला कधी कुणी आत येऊ दिलंय? जन्मभर उंबऱ्यात उभी होते मी. नान्नांच्या हातचं पेन आज पहिल्यांदा माझ्या हातात आलं. दुसरं काय करणार होते मी त्याचं? मला जे येतं ते केलं." आणि त्या रडायला लागल्या. मोठ्यानं, लहान मुलीसारख्या.

भास्कराचारींनी मान खाली घातली. डॉक्टर काही बोलायच्या तयारीत होते. पण त्यांनी अत्तय्यांकडे बघितलं. आयुष्यभर खुर्चीत बसून रडणारी माणसं बघितलेला माणूस तो. दुखतंय कुठे ते त्यांना कळायचं.

मग त्यांनी लालित्याला विचारलं, "पोपट आहे का जागेवर?"

"आहे. पिसंसुद्धा."

"पॉलिश कर असं कुणी सुचवलं नाही तुला?"

प्रभाकर छताकडे बघायला लागला.

"सुचवलं. मी नाही केलं."

"का? मला काही कळलं नसतं. मोतीबिंदू आहे मला. तुझा निकाल होता आज."

"पोपट अजून माझा नाही ना, डॉक्टरगारू. मी कसा पुसू?"

डॉक्टर खाली चटईवर बसले. पेन मांडीवर ठेवलं. रंग गेला. ज्या पेनाचा फोटो काढतानासुद्धा ते हातमोजे घालायचे, त्याचा रंग गेला. आता ते कोरं नव्हतं आणि पुन्हा कधी होणार नव्हतं. मनात राग शोधायला गेले, तर तिथे राग थोडा होता आणि मोकळं मोकळंच जास्त वाटत होतं. आता याला जपायचं कशासाठी?

"शाई आणा," ते म्हणाले.

"आता?" अत्तय्यांनी डोळे पुसले. "पूजा झाली की आज लेखणीला हात लावायचा नसतो."

"म्हणून तर आता आणा."

अत्तय्यांनी एकदा देवीकडे बघितलं, एकदा डॉक्टरांकडे. "बसा निवांत. मी थांबवते देवीला," म्हणाल्या आणि निरांजन पेटवायची काडी पुन्हा पेटीत ठेवली.

लालित्यानं ड्रॉपरनं शाई भरली. डॉक्टरांनी कागद गुडघ्यावर घेतला. सगळे वाकून बघू लागले. त्यांनी पेन टेकवलं आणि ते खरखरलं. दोन रेघा कोरड्या गेल्या, तिसऱ्या रेघेला भदकन शाई ओघळली आणि कागदावर रुपयाएवढा डाग पडला.

"हे लिहीत नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांचा चेहरा असा झाला, की इनायतभाईंनासुद्धा थट्टा सुचली नाही. "हे... हे सगळ्यांत चांगलं आहे. मी सगळ्यांना सांगत आलोय. याच्यासारखं पेन झालं नाही म्हणून."

तेवढ्यात कुणीतरी खो खो हसलं. सगळ्यांनी वळून बघितलं. भास्कराचारी! खुर्चीत बसून पोट धरून हसत होते.

"अहो डॉक्टर, ते कसं लिहील? ते अर्धंच आहे!"

"अर्धं?"

"नान्ना पेन पुरं करायचे ते गिऱ्हाइकाला समोर बसवून. लिही म्हणायचे. हात कसा पडतो, किती दाबतो, कुठे कलतो ते बघायचे, मग त्या हातापुरती निब घासून द्यायचे, जीभ बसवून द्यायचे. दुकानांत पाठवलेली पेनं अशीच कच्ची जायची. घेणारा दुकानातून पेन घेऊन आमच्याकडे यायचा. तुम्ही आलाच नाहीत. सरळ कपाटात!"

वापरलेली जुनी चिलका पेनं लोण्यासारखी चालतात, हे डॉक्टरांना माहीत होतं. ती वापरून तशी झाली असतील, असं त्यांनी धरलं होतं. आपल्याकडे आहे तेच पूर्ण, बाकी सगळी झिजलेली, असं ते जगाला सांगत आले होते.

"मग हे पुरं कोण करणार?" त्यांनी विचारलं. "तुम्ही?"

भास्कराचारींनी हात पुढे केले. बोटं थरथरत होती. त्यांनी ती पुन्हा मांडीवर ठेवली आणि नुसतं नातीकडे बघितलं.

लालित्या घासायचा दगड आणि भिंग घेऊन डॉक्टरांच्या समोर मांडी घालून बसली. "लिहा," म्हणाली.

"काय लिहू?"

"काहीही. मी अक्षर नाही, हात बघतेय." थोडा वेळ बघून ती म्हणाली, "डॉक्टरगारू, तुम्ही पेन धरत नाही. दाढ उपटता."

"चाळीस वर्षं तेच केलं गं."

"मग निब जरा रुंद करू. आणि जीभ वर उचलायला हवी. अत्तय्या, कढत पाणी द्या वाटीभर."

"नको, नको!" डॉक्टर, इनायतभाई आणि प्रभाकर एकदमच ओरडले.

"फक्त जिभेला!" लालित्या म्हणाली, आणि मग हसू कुणालाच आवरलं नाही. अत्तय्या रडता रडता हसल्या, पदर तोंडाला लावून. पाणी मात्र त्यांनीच आणलं, आणि वाटी धरून शेवटपर्यंत शेजारी बसून राहिल्या. "मग? आता काय करतेस? का?" असं एकेक विचारत होत्या आणि लालित्या एकेक सांगत होती.

तिनं घासलं, बघितलं, पुन्हा लिहायला दिलं, पुन्हा घासलं. स्वयंपाकघरात नैवेद्याचा पुलिहोरा भात गार होत होता. सरस्वती थांबली होती. कुणी घाई केली नाही.

मग एकदा डॉक्टरांनी पेन टेकवलं आणि ते चाललं. आवाज न करता, ओली, भरघोस रेघ उमटत गेली. त्यांनी आपलं नाव लिहिलं. मग पत्नीचं लिहिलं, कामाक्षी. ते लिहीतच राहिले, ओळीखाली ओळ, पान भरेपर्यंत.

"आता बोला," प्रभाकरला राहवलं नाही. "म्हणजे, निकाल काय?"

डॉक्टरांनी लालित्याचं नवं पेन ताटातून उचलून फिरवून बघितलं. "मला आनंद झाला असं तोंड भरून म्हणवत नाही, भास्कराचारी. काल माझं कपाट भरलेलं होतं. आता ते कधीच भरणार नाही. ही दर वर्षी नवं करणार आणि मी तिच्या मागे धावणार. शिवाय उद्या कुणीतरी हिचंच पेन जुनं म्हणून माझ्या गळ्यात मारेल. तेव्हा पोपटाखाली हिनं स्वतःचं नाव कोरायचं. जुनं ते जुनं, हिचं ते हिचं. ही माझी अट."

"म्हणजे पोपट हिला?" इनायतभाई म्हणाले.

"मग काय त्या कबुतराला?"

भास्कराचारी उठले. कपाटातून कोरायची बारकी सुई आणून त्यांनी नातीच्या हातात दिली. "पूजेआधी एक तरी होऊ दे," म्हणाले. प्रभाकरनं मखमलीची पेटी मिटली आणि गुपचूप आतल्या खोलीत नेऊन ठेवली. परत येऊन तो लेकीच्या मागे उभा राहिला. तिच्यावर नीट उजेड पडावा म्हणून खिडकीचं दार हातानं धरून.

पोपट उमटायला वेळ लागला. खाली तिनं आपलं नाव कोरलं, रेघांमध्ये पांढरा रंग भरला आणि पेन डॉक्टरांपुढे धरलं. त्यांनी ते घेतलं नाही. आधी दोन्ही हात जोडले. लालित्या घाबरून उठायला लागली.

"अहो, तुम्ही वडीलधारे—"

"बस. ऐक. मी किती पेनं जमवली. कुणाच्या विधवेकडून, कुणाच्या नातवाकडून. एखादं असं चालायचं, की वाटायचं, अरे, हे कुणाला तरी जाऊन सांगावं. सांगणार कुणाला? करणारा कधीच गेलेला. मी माझ्या कपाटालाच सांगायचो." त्यांनी कामाक्षी लिहिलेलं पान पुढे केलं. "आज पहिल्यांदा करणारं माणूस समोर बसलंय. पोरी, पेन फार सुंदर चालतंय. तुझे उपकार आहेत."

आपल्या पेनावर अखेर नाव आलं, हे लालित्यानं अजून नीट डोळे भरून बघितलंही नव्हतं. तिनं शाईचे हात तसेच जोडले. आणि मग तिला रडू आवरलं नाही.